आजीला कोहलबर्गची कितवी स्टेज द्यायची?

सुरसागरवाली:
एमए सायकॉलॉजी, दुसरं वर्ष, बडोदा. जेंडर बायसवर असाइनमेंट आहे आणि डोकं जाम झालंय म्हणून इथे विचारते. झालं असं की माणसाची नैतिक वाढ सहा स्टेजमध्ये मोजणाऱ्या कोहलबर्गची ती हाइन्झची गोष्ट मी मराठीत करून घरी आजीला सांगितली, म्हणजे बायको कॅन्सरने शेवटच्या घटका मोजतेय, औषधवाला २०० डॉलरच्या मालाचे २००० मागतोय, नवऱ्याकडे कसेबसे १००० जमलेत, तर त्याने औषध चोरावं का. आजी उंधियूची पापडी सोलत बसली होती. म्हणे, "चोरायचं कशाला, औषधवाल्याच्या घरी जाऊन बसायचं, अर्धे आत्ता घे, अर्धे महिन्याने देतो म्हणायचं. आणि हा जेलात गेल्यावर त्या बाईला पेज कोण करून घालणार?" मी म्हटलं आजी, हो की नाही तेवढं सांग. तर म्हणाली, "तुझा प्रश्नच अर्धवट आहे, त्यांना शेजारीपाजारी कोणी नाहीत का?"

आता हे उत्तर कोहलबर्गच्या पद्धतीने मोजलं तर तिसऱ्या स्टेजच्या आसपास जातं, सहापैकी. मला ते गिळवतच नाहीये. दोन दिरांची लग्नं आणि घराची कोर्टकेस निस्तरलेली बाई नैतिकदृष्ट्या अर्ध्या जिन्यात अडकलेली? क्लासमध्ये विचारलं तर "गिलिगन लिहा, मार्क मिळतील" एवढंच ऐकायला मिळालं. पण कोहलबर्गवर टीका करणाऱ्या या गिलिगनबाई म्हणतात की बायकांचा नैतिक सूरच वेगळा, काळजीचा, मग तोही बायसच नाही का? वेगळ्या म्हटलं की अल्फा बायस, म्हणजे फरक फुगवणं, सारख्या म्हटलं की बीटा बायस, म्हणजे फरक झाकणं. लिहायचं काय मग माणसाने?

रावपुरेकर:
राग मानू नका, पण हल्ली प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष काढायची फॅशन झालीय. मिलग्रॅमने आधी ४० पुरुषांवर, हुकूम मिळाला की ते दुसऱ्याला शॉक (खोटा) देतात का, हा प्रयोग केला, नंतर ४० बायकांवरही केला, शेवटपर्यंत बटण दाबणारे दोन्हीकडे ६५ टक्केच. जॅनेट हाइडने २००५मध्ये ४६ मेटा-अ‍ॅनालिसिस (म्हणजे अनेक अभ्यासांची गोळाबेरीज) एकत्र तपासले, त्यातले बाई-पुरुषांमधले ७८ टक्के फरक किरकोळ नाहीतर शून्याजवळ. आणि तुमच्या कोहलबर्गचंच बोलायचं तर वॉकरने १९८४ला सगळे अभ्यास चाळून सांगितलं की बायका खालच्या स्टेजला दिसतात हे बहुतेक ठिकाणी खरंच नाही. मग बायस कुठेय?

पापडी_नो_लोट:
दादा, आकडे सगळे बरोबर, पण वॉकरने बघितलं ते कोण कितव्या पायरीवर बसतं. जिना बांधला कोणावरून ते वेगळं. कोहलबर्गची मूळ ८४ मुलं म्हणजे ८४ मुलगेच, शिकागोकडचे, एकही मुलगी नाही, आणि त्यावरून ठरलं की "माणूस" नैतिकदृष्ट्या कसा वाढतो. पुढे त्या जिन्यावर बायका चढल्या तरी वरची पायरी काय असावी हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं ना. आणि मिलग्रॅमचं म्हणाल तर बायकांना बसवलं म्हणून कळलं की फरक नाही, न बसवता कळलं असतं का?

स्ट्रेसचं तर आणखी भारी आहे. लढा नाहीतर पळा, हे आपण शाळेपासून ऐकतो. शेली टेलर आणि मंडळींनी २०००मध्ये दाखवलं की १९९५च्या आधीच्या असल्या अभ्यासांत बायका जेमतेम १७ टक्के होत्या. का, तर पाळीमुळे हार्मोन्स वरखाली होतात, डेटा बिघडतो. म्हणजे अर्धी माणसं डेटा बिघडवणारी! आणि पाळीत बायकांचं डोकं चालत नाही हा समज लेटा हॉलिंगवर्थने १९१४मध्येच टेस्ट घेऊन तपासला होता, काही घसरण दिसली नाही. तिचा गाइड कोण तर थॉर्नडाइक, जो स्वतः बायकांच्या बुद्धीबद्दल उलट मताचा. वाचलं कोणी? (मीही एमए संपल्यावर वाचलं, तेही चुकून.)

सुरसागरवाली, हे तू हंसा मेहता लायब्ररीत बसून टाइप करत असशील तर एक आठवण. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "ऑल मेन" होतं ते "ऑल ह्यूमन बीइंग्ज" करायला लावणाऱ्या त्याच हंसाबेन, आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. मेन म्हणजे त्यात सगळेच आले, असं म्हणणारे तेव्हाही होते.

मांडवीची_माई:
मला थिअरी कळत नाही, मुलीचं सांगते. चौथीत होती, वर्गात एकदम गप्प, वह्या हरवायच्या, अर्धा डबा परत. एके ठिकाणी दाखवलं तर लक्ष लागत नसल्याचा फॉर्म दिला, त्यात जागेवरून उठून पळतो का, दुसऱ्यांना मारतो का, सगळीकडे इंग्रजी ही (he), ही, ही. मी पेनाने प्रत्येक ही खोडून शी (she) केलं, पण प्रश्न तेच राहिले ना, त्यामुळे उत्तरं सगळी "नाही". म्हणे काही नाही, मुलगी जरा स्वप्नाळू आहे. कॉलेजात गेल्यावर एडीएचडी निघालं. तोवर तिने स्वतःला आळशी म्हणून घेतलं होतं, आम्हीही म्हणत होतो, खोटं कशाला बोलू.

पापडी_नो_लोट:
माई 🙏 यावरून ब्रॉव्हरमनचा १९७०चा अभ्यास आठवला. मानसोपचार करणाऱ्या ७९ क्लिनिकल लोकांना विचारलं, कोणाला मानसिकदृष्ट्या निरोगी पुरुष कसा, कोणाला बाई कशी, कोणाला नुसता प्रौढ माणूस कसा. माणूस आणि पुरुष यांचं वर्णन जवळजवळ एकच, बाईचं वेगळं. आपल्याकडे बाईमाणूस म्हणतात ना, तसंच. आणि उत्तरं देणाऱ्यांत बायकाही होत्या बरं का.

सुरसागरवाली:
सगळ्यांना थँक्यू, पण आता नवीनच घोळ. काल तोच प्रश्न आजोबांना विचारला. जन्मभर दुकान चालवलेला माणूस, म्हणाले, "चोरी कशाला, उधारीवर द्यायचं. व्यापारी कधी असा नाही म्हणतो का?" म्हणजे आजीचंच उत्तर. आणि मावसबहीण, जी लॉ करतेय, ती म्हणाली चोरावं, जीव हा प्रॉपर्टीपेक्षा मोठा, एकदम वरची स्टेज. मग हे बाई-पुरुषाचं आहे का उधारीवर जग चालवलेल्या माणसांचं? तीन जणांवरून काही सिद्ध होत नाही हे कळतंय, पण कोहलबर्गच्या जिन्यात उधारी कुठे बसते तेच मला सापडत नाहीये. असाइनमेंट आता यावरच लिहितेय, मार्क गेले तर गेले. आजीच्या नावापुढची स्टेज कोरी ठेवलीय, आजोबांचीपण. रावपुरेकर दादा, वॉकरचा पेपर असेल तर पाठवाल का?

रावपुरेकर:
पाठवतो. वयाने, शिक्षणाने, नोकरीने काय फरक पडतो तेही त्यात आहे, ते नीट वाच, तुझ्या उधारीला कामाला येईल. आणि दादा नको, काका म्हण, रिटायर होऊन चार वर्षं झाली.