अनुभव धागा : पार्टीसाठी पाकात घोळवलेले सॉसेज

भाच्याला पहिली नोकरी लागली, म्हणून शनिवारी घरी वीसेक माणसं आहेत. त्याची फर्माईश आहे कॉकटेल सॉसेजची, गोड-तिखट चकाकी असलेल्या, काडीला टोचलेल्या. मागच्या वेळी मी केले तेव्हा गरम असताना सुरेख दिसत होते, पण पाहुणे येईपर्यंत पाक कडक झाला आणि सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा झाला. फार जीव लावून केलं होतं हो. इंदुरात मिळणाऱ्या सामानात कुणी केले असतील तर अनुभव लिहा.

लोकमान्य नगरातून
तुमचा पाक एकतारीच्या पुढे गेला. गरम असताना पातळ वाटतो म्हणून आपण आटवत राहतो, आणि गार झाला की तो आवळतो. मी अर्धा किलो चिकन सॉसेजना अर्धी वाटी साखरांबा घेते. जॅमही चालतो, पण साखरांब्यात कैरीचा आंबटपणा आयताच असतो. त्यात दोन चमचे टोमॅटो केचप, एक चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीचे तुकडे. मीठ अजिबात नाही. सॉसेज आणि सोया सॉस दोन्ही खारट असतात.

आधी सॉसेज थोड्या तेलात मध्यम आचेवर सगळीकडून खरपूस परतून बाजूला काढा. त्याच कढईत पाक करा. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ राहिली की सॉसेज परत घालून दोन-तीन मिनिटं घोळवा आणि गॅस बंद. पाक आधी घालून परतायला गेलात तर साखर करपते. माझी पहिली कढई अशीच कडू झाली होती. आवळलाच पाक तर चमचाभर गरम पाणी घाला, लगेच सुटतो.

महूहून
पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये उतरवा, ओट्यावर नको. मी घाईत गोठलेलेच खळखळत्या पाण्यात टाकले, तर सालं फाटून सगळा रस पाण्यात गेला. आणि पाकिटावर शिजवलेले आहेत की कच्चे, ते वाचा. कच्चे असतील तर आतपर्यंत शिजायलाच हवेत, नुसता रंग येऊन भागत नाही.

सुदामा नगरातून
शेवटी वरून चिमूटभर जिरावण मसाला भुरभुरवा. आपलं माळव्याचं जिरावण त्या गोड पाकावर इतकं छान बसतं की मी आता त्याशिवाय करतच नाही. पाकात मात्र शिजवू नका, त्यातलं आमचूर आणि काळं मीठ उग्र लागतं.

विजय नगरातून
आमच्याकडे सासूबाई आणि आत्या शाकाहारी. त्यांच्यासाठी पनीर आणि बेबी कॉर्न त्याच पाकात, पण कढई वेगळी, चमचा वेगळा, काड्याही वेगळ्या रंगाच्या. हे पाहुण्यांना आधीच सांगते, म्हणजे कुणी अवघडून बसत नाही. त्यांचं ताट मी सगळ्यात आधी वाढते.

पुन्हा लोकमान्य नगरातून
एक राहिलं. सगळे एकदम ताटात काढू नका. राइस कुकर वॉर्मवर ठेवून त्यात ठेवा, थोडे थोडे काढा. बाहेर काढलेले दोन तासांच्या वर ठेवायचे नाहीत.

धागा काढणारी
साखरांब्याची बरणी आईकडून मागवली आहे. शनिवारच्या आधी एकदा पाव किलोचा घाणा करून बघते.