अनुभव धागा: ‘बनगरवाडी’तलं काय तुमच्या मनात मोठं होत गेलं?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातली धनगरांची वस्ती, तिथे आलेला तरुण मास्तर, गावाने मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळ. त्यातली एखादी साधी गोष्ट पुढे मनात मोठी होत गेली, असं तुमचं झालं का? जरूर लिहा.

*

तालमीबद्दल लिहिते. शाळेत असताना ती मला नुसती मास्तरची कामगिरी वाटली होती. पुढे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याविषयी वाचलं. सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला त्यांनी! त्या संस्थानात गावाने तालीम उभारावी, हे तिथल्या मातीतलंच. म्हणून हे प्रतीक वरून चिकटवलेलं वाटत नाही. मेंढरांमागे पांगणारी माणसं एका कामासाठी गोळा होतात, भिंती चढतात आणि मग पाऊस दगा देतो. तालीम आहे, घुमायला माणूस नाही. अर्थ लेखक सांगत बसत नाही, तो आपल्याला लागतो.

*

जत तालुक्यात शिक्षक आहे. मला शाळा भिडली. पोरं शाळेत बसली तर मेंढरांमागे कोण जाणार? माझ्या वर्गात हाच प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात येतो. पाटी आणि मेंढरू, दोन्हींची बाजू लेखकाला कळते.

*

माझा सूर थोडा वेगळा आहे. आमचं घर धनगराचं. ओस वाडी म्हणजे ग्रामजीवनाचा अंत, असं नेहमी वाचतो. पण आजोबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, वाटेत लोकांच्या शेतात मेंढरं बसवायचे आणि पावसाआधी माघारी यायचे. घराला कडी घालून निघणं आम्हांला नवं नाही. त्यामुळे वाडी रिकामी झाली एवढ्याने मी हललो नाही. हललो ते या जाण्याला परतीचा महिना नाही म्हणून. चाऱ्यासाठी जाणं वेगळं, परागंदा होणं वेगळं. हा फरक घरात पाहिलेल्याला तो शेवट फार जड जातो. आणि मेंढरांना प्रतीक म्हणा, हरकत नाही. आधी ती जितराबं आहेत, एवढं मात्र विसरू नका.

*

वरचा प्रतिसाद वाचून पुस्तक पुन्हा काढलं. अमोल पालेकरांचा चित्रपट (१९९५) आधी पाहिल्यामुळे माझ्या डोक्यात माळरानच बसलं होतं. या वाचनात वाडीचा म्हातारा कारभारी दिसतोय. दुष्काळ हे उघड कारण, पण वाडी एकत्र होती ती त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर. त्याच्याविषयी कुणी लिहाल का?