सल्ला हवा: वाऱ्यावर सोडलेली कोणती पॅकेजं दत्तक घ्यावीत?

प्राची_पार्ले
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं दर रविवारी दादरला भेटतो. डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीतली, मेंटेनर (सांभाळणारा) सोडून गेलेली, म्हणजे ‘ऑर्फन’ पॅकेजं (तिच्यात बसवायची सॉफ्टवेअरं) सांभाळायचं ठरवलंय. चौघांचे मिळून आठवड्याला सहा तास, खर्चाला शून्य रुपये. फार तर दोन झेपतील. चाळून तीन उरलीत:
अ) सी भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. बरीच पॅकेजं तिच्यावर उभी, त्यामुळे पॉपकॉनचा (किती मशीनवर बसवलंय त्या मोजणीचा) आकडा दणदणीत.
ब) मराठी शब्दतपासणीचा कोश.
क) डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं फिल्टर. पॉपकॉनवर जेमतेम दोन आकडी.
नावं मुद्दाम देत नाही, इथलंच कोणीतरी आधी आयटीए (दत्तक घेतोय अशी सूचना) टाकून मोकळं होईल :)

टर्मिनलवाला
अ. विचारायचं काय त्यात? पण आधी मशीन धड घ्या. मी लॅमिंग्टन रोडवरून ६४ जीबी रॅम बसवून आणली, आता बिल्ड (कोडपासून पॅकेज बनवणं) लावून चहा टाकेपर्यंत काम संपतं.

काकडेकाका
शून्य रुपये लिहिलंय हो तिने.

टर्मिनलवाला
काका, रॅम हा खर्च नसतो.

गिरणगावकर
ब! मराठीसाठी आपण नाही करायचं तर कोणी? माझ्या लिबरऑफिसमध्ये ‘बसलंय’ लिहिलं की खाली लाल रेघ. ‘घरातल्यांनासुद्धा’ला तर हमखास.

शुद्धमती
‘बसलंय’ प्रमाणलेखनात नाहीच, रेघ बरोबर आहे. १९६२ चे नियम वाचा. आणि ‘पॅकेजं’ की ‘पॅकेजेस’?

गिरणगावकर
१९७२ साली चार नियम आणखी जोडले, तेही वाचा. बोलतो तसं लिहायचं नाही का माणसाने?

(यापुढचे अकरा प्रतिसाद अनुस्वारावर. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले.)

रात्रपाळी
प्राची, अ अजिबात नको. २०२४ चं एक्सझेड (फाइली आवळून लहान करणारं साधन) आठव. दमलेला एकटा मेंटेनर, मदतीला ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी आलं, दोन-अडीच वर्षं गोड वागलं आणि ५.६.० मध्ये चोरदरवाजा. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खणून काढलं. नाहीतर बसलो होतो सगळे बोंबलत.

काकडेकाका
अहो, मग तर अ घ्यायलाच हवं. तिथे एकटा माणूस होता म्हणूनच घडलं ना ते? इथे चौघं आहेत.

रात्रपाळी
आणि उद्या चौघांच्या चार नोकऱ्या बदलल्या की?

सुईदोरा
उशिरा लिहितेय, सगळं वाचलं. दोन गोष्टी. पॅकेजिंग सांभाळणं वेगळं, मूळ प्रकल्प सांभाळणं वेगळं. मूळवाले जिवंत आहेत का, ते आधी बघ. मी न बघता एक घेतलं. दर नव्या जीसीसी कंपायलरला बिल्ड फुटायचं, पॅच मीच लिहायचे. एकदा बाळंतपणात राहून गेलं तर आरसी बग (रिलीज अडवणारा गंभीर दोष) लागून टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून, आपोआप गच्छंती. कोशातही खरं काम कुठल्या शब्दाला कुठले प्रत्यय लागतात ते सांगणाऱ्या एएफएफ फाइलमध्ये आहे. नुसतं पॅकेज करून ‘घरातल्यांनासुद्धा’ची रेघ जाणार नाही.
दुसरं, लगेच नाव लावू नका. ऑर्फन पॅकेजला क्यूए अपलोड (दुरुस्त केलेली आवृत्ती चढवणं) कोणीही करू शकतं, दत्तक न घेता. दोन अपलोड करा, झेपलं तर ‘ओ’ (ऑर्फन) या नोंदीचा आयटीए करा. अपलोडचा हक्क नसेल तर स्पॉन्सर (तुमच्या वतीने अपलोड करणारा) लागेल, आणि तो शोधण्यातच सहापैकी चार तास जातात.

टर्मिनलवाला
हेच म्हणत होतो मी.

मस्जिद_बंदर
क बद्दल कोणी बोलतच नाही! आमच्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात अजून बिल्टी तीन प्रतींत निघते. कार्बन उमटवायला ठोका लागतो, इंकजेट काय करणार? आणि पॉपकॉन स्वतःहून चालू केलं तरच मोजतं. आमच्या मशीनला इंटरनेटच नाही, आम्ही कुठून मोजले जाणार?

रात्रपाळी
दादा, मूठभर लोकांसाठी चौघांचे रविवार?

प्राची_पार्ले
सगळ्यांचे आभार, विशेषतः सुईदोराताईंचे. बहुमत अ ला आहे, दिसतंय. तरी आम्ही क घेतोय, एकटं क. त्यातले जुने बग ‘तपासायला प्रिंटर नाही’ एवढ्याच कारणाने पडून आहेत, आणि प्रिंटर आमच्यातल्या एकाच्या बाबांच्या दुकानात आहे, चालू. अ चा कोड वाचू शकणारे शेकडो असतील. सुरुवात क्यूए अपलोडनेच करू.

काकडेकाका
चूक करताय. पण करा.

टर्मिनलवाला
रिबन लागली तर सांगा, लॅमिंग्टन रोडला माझ्या ओळखीचा आहे एक. फक्त माझं नाव सांगू नका, उधारी आहे.

नवा_सभासद
वरचं वाचलं नाही. अ घ्या.