उसात व्हायरस आहे पण पीसीआरला बँडच येत नाही, मदत हवी आहे, अर्जंट

गोमाईकाठ: नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, उसातला व्हायरस ओळखून सिक्वेन्सिंग करायचंय. सॅम्पल आमच्याच शहाद्याच्या शेतातले, को ८६०३२ या जातीचा खोडवा. तीनदा पीसीआर (व्हायरसच्या जीनचा तुकडा वाढवून ओळखायची टेस्ट) लावला, जेलवर मापाची लॅडर सोडून एकही बँड म्हणजे पट्टा दिसत नाही, आणि गाइडना याच महिन्यात निकाल पाहिजे. काय चुकतंय ते लवकर सांगा.

बागायतदार_शिरपूर: भाऊ व्हायरस-बियरस काही नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह लागत नाही म्हणून खोडवा पिवळा पडतो. फेरस सल्फेट फवारा, माझा दरवर्षी हिरवा होतो.

लॅबवाली: पान दिसतं कसं? डीएनए काढला की आरएनए? प्रायमर (ठरावीक व्हायरसलाच जुळणारे छोटे डीएनए तुकडे) कोणत्या व्हायरसचे? यातलं काहीच लिहिलं नाही, आम्ही सांगायचं कशावरून?

गोमाईकाठ: आरएनएच काढला, मग त्याचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) केला. प्रायमर मोझॅक रोगाच्या व्हायरसचे, सीनियरकडे होते तेच. पान पिवळं आहे.

रावेरचा_केळीवाला: आमच्या केळीवर सीएमव्ही (काकडी मोझॅक व्हायरस) आला तेव्हा दिसलं झाड की उपट असंच केलं, बांधावरची काकडी-भोपळा पण काढली, मावा मारला. तुम्ही पण तेच करा, टेस्ट करत बसलात तर निम्मं शेत जाईल.

लॅबवाली: दादा केळीचं बरोबर आहे, पण इथे त्यांना व्हायरस कोणता तेच शोधायचंय. गोमाईकाठ, पिवळं म्हणजे कसं? हिरव्या पानावर फिक्या रेघा-ठिपके असतील तर मोझॅक. पण वरून तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळी असेल तर तो पिवळं पान रोग, त्याचा व्हायरस पोलेरोव्हायरस वंशातला, मोझॅकच्या प्रायमरने त्याचा बँड कधीच येणार नाही. आणि शिरपूरचे दादा, लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो, म्हणजे चित्र उलटं.

सीटॅबवाला: मोझॅकचे तरी कोणते? एससीएमव्ही (ऊस मोझॅक व्हायरस) पॉटीव्हायरस वंशातला आणि एससीएसएमव्ही (ऊस स्ट्रीक मोझॅक व्हायरस) पोएसीव्हायरस वंशातला, दोघांचे प्रायमर वेगळे, आणि आपल्या देशात दुसरा पण भरपूर सापडतो. शिवाय आरएनए तपकिरी आला होता का? उसात फिनॉल आणि साखर फार, सीडीएनए बनवणारा एन्झाइम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तिथेच अडतो. तयार कीट सोडा, सीटॅब (एक डिटर्जंट) बफरमध्ये पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवतं) आणि मरकॅप्टोइथेनॉल (तपकिरी होऊ देत नाही) घालून आरएनए काढा.

लॅबवाली: कीटने पण मस्त येतो, पान कमी घ्यायचं. सीटॅबचा हट्ट कशाला?

सीटॅबवाला: कीटचे पैसे कोण देणार, आमच्या कॉलेजने तर नाही दिले.

लॅबवाली: बरं, राहू द्या. आधी उसाचंच एखादं जीन कंट्रोल म्हणून लावा, म्हणजे सीडीएनए बरा आहे का ते कळेल. पिवळ्या पानाचा व्हायरस फ्लोएममध्येच (अन्न वाहणाऱ्या नळ्यांत) राहतो, म्हणून पानाचं पातं नको, मधली शीरच घ्या.

गोमाईकाठ: आरएनएची गोळी तपकिरीच होती!! आणि मी पातंच कुटलं, शीर कडक म्हणून काढून टाकली. बँड आला की पुढे काय?

सीटॅबवाला: कोट प्रोटीनचा (व्हायरसच्या कवचाचा) जीन दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करा, ब्लास्टवर इतर सिक्वेन्सशी जुळवून पाहा, मग मेगा सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्षाचं झाड. पण एका जीनवरून नवा स्ट्रेन म्हणू नका. पिवळ्या पानाच्या व्हायरसचा जीनोम साधारण ५.९ किलोबेसचा (५,९०० अक्षरांचा), तोही पूर्वजांच्या रिकॉम्बिनेशनमधून (तुकड्यांच्या अदलाबदलीतून) बनलेला, त्यामुळे एक भाग एकाशी जुळतो आणि दुसरा दुसऱ्याशी. पी० हा दुसरा जीन पण करा.

बागायतदार_शिरपूर: ते झाड-बिड ठीक. माझ्यात पण हाच असला तर? बेणं गरम पाण्यातून काढलं तर जाईल का?

लॅबवाली: गवताळ वाढ रोगाला ते चालतं, हा व्हायरस त्याने जात नाही. टिश्यू कल्चरचं तपासलेलं बेणं घ्या, आणि रोगट प्लॉटचं टिपरं पुढे लावू नका, मावा आहेच पसरवायला.

गोमाईकाठ: आत्ताच घरी फोन केला, वडिलांनी बॅटरी घेऊन पान उलटं करून पाहिलं, शीर खालून पिवळीच आहे. उद्या सकाळच्या एसटीने शहाद्याला निघतो, शिरा आणतो. त्या व्हायरसचे प्रायमर कोणाकडे आहेत का?