अ‍ॅडव्होकसीचं मूल्यमापन: वकिली, कैवार की पाठपुरावा?

अर्धविराम

एका अहवालाचं मराठी करते आहे. तीन देशांतल्या संस्थांनी मिळून खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या शिक्षणासाठी काम केलं. म्हणजे वर्ग चालवले नाहीत, दप्तरं वाटली नाहीत. सरकारांपुढे, न्यायालयांपुढे, वर्तमानपत्रांत मुलींची बाजू लावून धरली; इंग्रजीत यालाच अ‍ॅडव्होकसी म्हणतात. त्यातून काय साधलं हे बाहेरच्या जाणकारांनी तपासलं, तो हा अहवाल. मूळ शीर्षकात क्रॉस-बॉर्डर, अ‍ॅडव्होकसी, प्रोजेक्ट आणि इव्हॅल्युएशन असे चार पाहुणे एकाच बाकावर बसलेत. माझा पहिला खर्डा: 'ग्रामीण मुलींच्या शिक्षणाच्या सीमापार वकिलीच्या प्रकल्पाचे मूल्यांकन'. च्या-च्या-च्या-चे. वाचताना मलाच धाप लागली. त्यात 'वकिली' तर अजिबात पटत नाहीये. सुचवा काहीतरी.

टाचणी

आधी 'मूल्यांकन' काढा. मराठीत मूल्यांकन घराचं, जमिनीचं होतं, तारण ठेवायच्या वेळी. कामाचं किंवा शिकण्याचं होतं ते मूल्यमापन. हिंदीत मूल्यांकन दोन्हीकडे चालतं, आणि तिथून ते आपल्या कागदपत्रांत शिरलंय.

'सीमापार'ही नको. बातम्यांनी त्या शब्दाला दहशतवादाच्या शेजारी इतकी वर्षं बसवलंय की मुलींचं शिक्षण त्याच्यापुढे आलं तरी वाचक दचकतो.

शेवटचा बाक

मग 'आंतरदेशीय'?

टाचणी

करा, आणि मुद्रितशोधकाने सवयीने त्याचं 'अंतर्देशीय' केलं की झालंच. आंतरदेशीय म्हणजे देशादेशांमधलं, अंतर्देशीय म्हणजे देशाच्या आतलं. एका रफारात सगळा प्रकल्प मायदेशी परत. 'बहुदेशीय' केलंत तर निम्मे लोक 'बहुउद्देशीय' वाचतील. मी तर विशेषणच टाळेन. 'तीन देशांत मिळून केलेलं' असं सरळ लिहा.

फिरस्ती

'वकिली' इतक्या झटकन टाकू नका, त्या शब्दाने बरेच उन्हाळे पाहिलेत. अरबीत वकील म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. मराठेशाहीत वकील कोर्टात नव्हे, दुसऱ्याच्या दरबारात बसायचा. गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत. तेव्हा वकिली मुळात हद्दीपलीकडचीच. इंग्रजी अ‍ॅडव्होकेटचं लॅटिन मूळ पाहिलं तर अर्थ निघतो 'मदतीला बोलावलेला'. दोन्ही शब्द दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचे आहेत.

पण आजच्या वाचकाला वकिली म्हटलं की काळा कोट, तारीख आणि फी दिसते. 'उगाच त्याची वकिली करू नकोस' या वाक्यात तर वकिली म्हणजे खोट्याचं खरं करणं. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

हिंदीत या कामाला 'पैरवी' किंवा 'जनपैरवी' म्हणतात, आणि ते शब्द आपल्याकडच्या काही संस्था उचलतात. उचलायची गरज नाही. पैरवी हा फारसी शब्द: पै म्हणजे पाऊल, माग, रवी म्हणजे जाणं. एखाद्याच्या मागोमाग जाणं. याला मराठी शब्द शोधायला गेलं तर तो अक्षरशः घरातच सापडतो: पाठपुरावा. पाठ पुरवणं म्हणजे पिच्छा न सोडणं. एकाने पाऊल धरलं, दुसऱ्याने पाठ धरली, इतकाच फरक.

शेवटचा बाक

कचेरीत बसणाऱ्याला विचारा. पाठपुरावा म्हणजे पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, तिसरं स्मरणपत्र. 'पाठपुरावा सुरू आहे' याचा अर्थ 'काही होणार नाही' असा घ्यायचा असतो.

मला 'कैवार' आवडतो. मुलींचा कैवार. ऐकल्याबरोबर कळतं की कुणीतरी दुबळ्या बाजूला उभं आहे.

टाचणी

कैवारात पक्षपाताची छटा आहे हो. मुलाला आई रागावते आणि आजी मध्ये पडते, तेव्हा आई काय म्हणते? 'तुम्ही त्याचा कैवार घेऊ नका.' शिवाय कैवार 'घेतात'. म्हणजे ज्याचा घेतला त्याने दिलेला असतोच असं नाही. दीनांचे कैवारी पुष्कळ झाले, दीनांना कुणी विचारलं?

फिरस्ती

टाचणी, तुम्ही सहज बोलून गेलात, पण इथे भाषेपलीकडचं काहीतरी आहे. मूल्यमापन करणारा माणूस कोणता प्रश्न घेऊन गावात शिरतो, ते या शब्दावर ठरतं. कामाला वकिली म्हटलं की तो विचारेल: खटला जिंकलात का? कैवार म्हटलं की विचारायला हवं: कोणाचा घेतलात, आणि तिला तो हवा होता का? पाठपुरावा म्हटलं की: कुठून सुरू केलात, किती वर्षं धरून ठेवलात, कुठे हात सुटला?

खरं उदाहरण घ्या. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत महिनोन्‌महिने शाळा बंद होत्या. 2015च्या एप्रिलमध्ये त्या उघडल्या तेव्हा सरकारने सांगितलं की गरोदर मुलींनी नेहमीच्या शाळेत यायचं नाही, परीक्षेलाही बसायचं नाही. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रं काढली, तिथे दिवस कमी आणि विषयही कमी. 2018 साली देशातल्या महिला संघटनेने बाहेरच्या संस्थांना सोबत घेऊन या बंदीविरुद्ध दाद मागितली. त्या संस्थांपैकी एक इक्वॅलिटी नाऊ, दुसरी गांबियातल्या बांजुलची. दाद मागितली ती पश्चिम आफ्रिकी देशांच्या समुदायाच्या, म्हणजे इकोवासच्या न्यायालयात, आणि हे न्यायालय बसतं नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात. डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने बंदी भेदभावाची ठरवली आणि ती उठवायला सांगितलं. 30 मार्च 2020 ला सरकारने ती उठवली.

मुलगी एका देशात, कागद दुसऱ्या देशात तयार, न्यायाधीश तिसऱ्या देशात. क्रॉस-बॉर्डर अ‍ॅडव्होकसी म्हणतात ती हीच.

आता हिचं मूल्यमापन करा. वकिली म्हणून मोजलं तर शंभरपैकी शंभर. पण त्याच सुमारास कोव्हिड आला आणि शाळाच बंद झाल्या. एप्रिल 2020 मध्ये किती मुली वर्गात परतल्या हे मोजायला गेलात तर उत्तर शून्य. काम तेच, फक्त मोजपट्टी बदलली.

अर्धविराम

फिरस्ती, तुम्ही माझ्या अहवालाच्या नेमक्या अडलेल्या पानावर बोट ठेवलंत. तिथे अ‍ॅट्रिब्यूशन आणि कॉन्ट्रिब्यूशन असे दोन शब्द समोरासमोर उभे केलेत, आणि शब्दकोश दोन्हीला 'योगदान'च्या आसपास काहीतरी देतो.

फिरस्ती

पहिल्याला 'श्रेय', दुसऱ्याला 'वाटा'. योगदान हा शब्द सत्कार समारंभासाठी ठेवा.

बंदी कोणामुळे उठली? न्यायालयामुळे? 2018 साली सरकार बदललं होतं आणि नव्या सरकारने मोफत शालेय शिक्षणाचा कार्यक्रमच हाती घेतला होता, त्यामुळे? पाच वर्षं देशातल्या बायका बोलत राहिल्या म्हणून? सगळ्यांमुळे थोडं थोडं. अशा ठिकाणी 'आमच्यामुळे झालं' म्हणणं म्हणजे श्रेय लाटणं. जॉन मेन या कॅनडातल्या मूल्यमापकाने 2001 मध्ये जी रीत मांडली, कॉन्ट्रिब्यूशन अ‍ॅनॅलिसिस, तिचा सूर असा: 'हे कोणामुळे झालं' हे सिद्ध करायचा हट्ट सोडा, तुमच्या कामाचा त्यात काही वाटा होता असं मानायला पुरेसा आधार आहे का, आणि दुसरी कारणं तुम्ही प्रामाणिकपणे तपासलीत का, ते दाखवा. 'वाट्याची तपासणी' म्हटलं तरी चालेल. खारीचा वाटा म्हणणारी भाषा आहे आपली, हा विचार तिला परका नाही. खारीने सेतू बांधल्याचा दावा केला नव्हता, आणि तिचा वाटा कुणी नाकारलाही नाही.

टाचणी

आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट यांचं काय करताय? बहुतेक अनुवादांत तिन्हींची खिचडी असते.

अर्धविराम

आउटकमला निष्पत्ती. शिक्षकांना 'अध्ययन निष्पत्ती' माहीत आहे, त्यामुळे शब्द रुळलेला आहे. आउटपुटला सरळ 'झालेली कामं' लिहिलंय: इतक्या बैठका, इतकी निवेदनं. इम्पॅक्टला आधी 'प्रभाव' लिहिला, मग खोडला. प्रभाव वक्त्याचा पडतो. 'परिणाम' ठेवलाय, जरी 'परिणाम भोगावे लागतील' मधली धमकी त्याला चिकटलेली असली तरी. म्हटलं, असू दे. मुलींसाठी केलेल्या कामाचे वाईट परिणामही होऊ शकतात, आणि ते शोधणं मूल्यमापनात बसतंच.

ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना; तिच्या विकास साहाय्य समितीचे मूल्यमापनाचे निकष मात्र थकवणारे आहेत. 1991 मध्ये पाच होते, 2019 मध्ये सहा झाले. माझी यादी सध्या अशी: प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, परिणाम, टिकाऊपणा. नवा आलेला तो सुसंगती.

शेवटचा बाक

टिकाऊपणा चपलेचा असतो. 'टिकून राहणं' करा. आणि स्टेकहोल्डरला 'भागधारक' लिहिलं असेल तर आत्ताच खोडा, ते शेअर बाजारात असतात. 'हितसंबंधी'ही नको, त्यात काळंबेरं वाटतं. 'संबंधित मंडळी' पुरे. 'प्रकल्प' बघा काय करता ते. मला तो शब्द ऐकला की आधी धरण दिसतं आणि मग प्रकल्पग्रस्त.

उंबरठा

उशिरा आले, पण एक शब्द सगळ्यांच्या नजरेतून निसटलाय: ड्रॉपआउट. आपण त्याला 'गळती' म्हणतो. छप्पर गळतं, नळ गळतो, केस गळतात. पिकलं फळ गळून पडतं. गळण्यात कुणाचा हात नसतो. अहवालात 'मुलींची गळती' लिहिलं की मुली आपोआप झिरपून गेल्या असं चित्र उभं राहतं.

मी काही वर्षं अशा पाहण्यांमध्ये प्रश्नावल्या भरून घ्यायचं काम केलंय. छापील पर्याय एकच असायचा: 'शाळा सोडली'. बोलताना मात्र बायका आणि मुली चार वेगवेगळी क्रियापदं वापरायच्या. 'मी शाळा सोडली.' 'माझी शाळा सुटली.' 'मला शाळेतून काढलं.' 'माझी शाळा बंद केली.' सोडली म्हणणारी कर्ता आहे, निदान तसं सांगते तरी. सुटली म्हणणारीला कर्ता दिसत नाही, किंवा तिला तो सांगायचा नाही. कामं वाढली, शाळा लांब होती, कधीतरी सुटलीच. काढलं आणि बंद केली यांत कर्ता आहे, फक्त वाक्यातून वगळलाय, आणि 'कोणी?' असं विचारलं की बहुतेकदा घरातलंच माणूस निघायचं. मी चौघींपुढे एकाच चौकोनात बरोबरची खूण करून पुढे जायचे. फॉर्मच तसा होता.

आता तुमच्या पाठपुराव्याशी जोडून बघा. सिएरा लिओनमधल्या त्या मुलींची शाळा 'बंद केली' होती आणि कर्ता होतं सरकार. तिथे न्यायालयात जाऊन उपयोग होतो, कारण ज्याने बंद केली त्यालाच उघडायला सांगता येतं. जिची 'सुटली' तिच्यासाठी कोणत्या न्यायालयात जाणार? तिथे धोरणाचा पाठपुरावा जिंकला तरी ती उंबरठ्याच्या आतच राहते. क्रियापदं एकत्र केली की मूल्यमापन करणाऱ्याला हे कळायला वावच राहत नाही.

टाचणी

'शाळा सुटली' याचा दुसरा अर्थ तर रोजचा: घंटा झाली, घरी चला. एकीची दुपारी सुटते, एकीची कायमची. दोन्हींना क्रियापद एकच. इतकी वर्षं मराठी बोलतोय, हे कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

शेवटचा बाक

मी 'कैवार' मागे घेतो. अर्धा.

फिरस्ती

अर्धा ठेवाच. भूमिकेबद्दल बोलायचं असेल तिथे कैवार चालेल: 'संस्थांनी मुलींचा कैवार घेतला'. कामाबद्दल बोलायचं तिथे पाठपुरावा. इंग्रजीत दोन्हींना एक शब्द आहे म्हणून मराठीतही एकच हवा, असं कुठे आहे?

अर्धविराम

सगळं वाचून शीर्षक असं केलंय: 'खेड्यांतल्या मुलींच्या शिक्षणासाठी तीन देशांत मिळून केलेला पाठपुरावा: एक मूल्यमापन'. 'प्रकल्प' गेला, 'सीमा' गेली, च्या-च्या एकावर आला. 'ग्रामीण मुली'ही काढला. मुली ग्रामीण नसतात, त्या जिथे राहतात ती जागा ग्रामीण असते.

उंबरठा, तुमचं वाचल्यावर परिशिष्टातली प्रश्नावली पुन्हा उघडली. मुळात ड्रॉप्ड आउट असा एकच चौकोन आहे आणि मी त्याचं 'शाळा सोडली' करून मोकळी झाले होते. अनुवादकाला चौकोन वाढवायचा अधिकार नाही. मूळ मंडळींना पत्र लिहून विचारलंय, की मुलाखती ज्या भाषांमध्ये घेतल्या त्यांत मुली कोणतं क्रियापद वापरत होत्या, आणि ते कुणी टिपून ठेवलंय का. उत्तर आलं की इथे टाकते.

उंबरठा

टिपलेलं नसेल तर मुलाखतींच्या ध्वनिफिती आहेत का तेही विचारा.