सर्व्हर उडाला तेव्हा: काय परत आलं, कसं आलं? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

मंडळाचा सर्व्हर उडाला आणि साठा पुन्हा उभा करण्यात अख्खा उन्हाळा गेला, हे बहुतेकांना माहीत आहे. नव्या मंडळींसाठी सांगते, साठा म्हणजे जुन्या स्मरणिकांची स्कॅन केलेली पानं, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं, फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या गावात भरलेल्या ९१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात स्वयंसेवकांनी काढलेले फोटो, आणि दांडिया बाजार, शियापुरा, वाडी या भागांतल्या आजीमंडळींनी सांगितलेल्या आठवणी. शेवटचा ऐवज सर्वांत मोलाचा. सांगणाऱ्यांपैकी कित्येक जणी आता नाहीत.

आज बरंचसं जागेवर आलंय. कोणी रात्र रात्र डिस्कसमोर बसलं, कोणी घरातला माळा उपसला. पण ज्याला जे उमगलं ते त्याच्यापाशीच राहिलं, तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून हा धागा. मंडळाच्या कामातला अनुभव लिहा, नाहीतर स्वतःच्या घरचा, धंद्यातला. जे हातानं केलंत तेच लिहा. कोणत्या दुकानदारानं फसवलं ते इथे नको. नावाऐवजी राहता भाग लिहिलात तरी चालेल.

मांजलपूर

ताई, डिस्क माझ्याकडे आल्या होत्या, म्हणून मीच सुरुवात करतो.

आपल्या सर्व्हरमध्ये चार डिस्क रेड-५ पद्धतीनं जोडलेल्या होत्या. यात एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून सगळा मजकूर उभा राहतो. दुसरी गेली की खेळ संपला. पहिली गेली, तिच्या जागी नवी बसवली, रीबिल्ड (गेलेला मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा उभारणं) सुरू झालं. रीबिल्डमध्ये उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. चारही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या, एकाच खोक्यातल्या, सारख्याच झिजलेल्या. त्या ताणात दुसरी टकटक वाजायला लागली.

तो आवाज आला की आधी वीज बंद करा. चेकडिस्क, एफएससीके वगैरे काहीही त्या डिस्कवर चालवू नका. हे प्रोग्रॅम फाइलींची मांडणी नीट करण्यासाठी डिस्कवर लिहितात, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिलं की उरलंसुरलंही हातचं जातं. झाकण उघडून बघायचा मोह तर अजिबात नको, धुळीचा एक कण आतल्या तबकडीला पुरतो. आधी नक्कल काढायची, आणि मग काय प्रयोग करायचे ते नकलेवर.

मी डीडीरेस्क्यू वापरलं. फुकट मिळतं, लिनक्सवर चालतं. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि सगळ्यात शेवटी त्या जागांकडे वळतं. कुठवर आलो याची नोंद ते एका नकाशा-फाइलमध्ये ठेवतं. तिच्या प्रत्येक ओळीत सुरुवात, लांबी आणि एक चिन्ह असतं. अधिक म्हणजे वाचलं, उणे म्हणजे खराब, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही. ही फाइल सांभाळली की काम मध्येच थांबवता येतं, डिस्क गार होऊ द्यायची आणि सोडलं तिथूनच पुढे चालू करायचं. मी पहाटे उठून आधी त्या फाइलीतल्या उणे चिन्हांच्या ओळी बघायचो. शेवटी अगदी थोड्या उरल्या. मग ती नक्कल आणि दोन चांगल्या डिस्कच्या नकला मिळून तीन डिस्कवर रेड उभं केलं. खराब जागांमध्ये स्मरणिकांची काही पानं गेली, आठवणींचा डेटाबेस पूर्ण निघाला.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी भेटेल त्याला सांगतो. डिस्क मेली तर रेड वाचवतं. कोणी चुकून फाइल पुसली तर रेड तीही तितक्याच इमानानं पुसतं.

कारेलीबाग

भाऊंनी डिस्क वाचवली, पुढचं माझ्याकडे आलं. रोज रात्रीचा डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) त्याच सर्व्हरवर पडत होता, त्यामुळे तोही भाऊंच्या नकलेतूनच मिळाला. नव्या मशीनवर चढवला आणि सगळं मराठी गायब! प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र युरोपीय अक्षरं.

घाबरू नका, यात मजकूर गेलेला नसतो. यूटीएफ-८ या, अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. आपला डेटाबेस जुना. मायएसक्यूएल या डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ८.० आवृत्तीच्या आधी काही न सांगता टेबल बनवलं तर ते लॅटिन-१ या युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या पद्धतीचं बनायचं. लॅटिन-१ प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतं, म्हणून एका ‘म’ची तीन अक्षरं दिसतात. बाइट जागच्या जागीच असतात. डंप लॅटिन-१ म्हणूनच काढायचा आणि यूटीएफ-८ म्हणून भरायचा, की मराठी परत. पण सरसकट करू नका. मधल्या काळात कोणीतरी सेटिंग बदललं होतं, त्यानंतरचे लेख आधीच बरोबर होते. त्यांच्यावर हीच क्रिया केली असती तर चांगले लेख बिघडले असते. दोन्ही गट वेगळे काढण्यातच माझा बराच वेळ गेला.

आणखी एक. भरून झाल्यावर वाडीतल्या एका आजींची आठवण वाचत होते. सयाजीबागेत संध्याकाळी वाजणाऱ्या बँडचं वर्णन, आणि वाक्य मध्येच संपलं. वाटलं त्यांनी तेवढंच सांगितलं असेल. मग दुसरा लेख तसाच तुटलेला, मग तिसरा. मूळ डंप उघडून पाहिला तेव्हा कळलं, जिथे टाइप करणाऱ्या नातवानं हात जोडलेली इमोजी टाकली होती, नेमका तिथेच मजकूर कापला जात होता. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ-८’ तीनच बाइट धरतं आणि इमोजीला चार लागतात. सेटिंग सैल असेल तर ते चौथ्या बाइटपाशी पुढचं सगळं सोडून देतं, धड चूकही दाखवत नाही. टेबलं चार बाइट धरणाऱ्या यूटीएफ-८-एमबी-४ पद्धतीची करून पुन्हा भरली, तेव्हा आजींचं पुढचं अख्खं पान आलं. ओळींची संख्या जुळली म्हणून रिस्टोअर झालं असं समजू नका, लेख वाचून बघा.

मोठ्यांच्याही घरी हे होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचं काम साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनीअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आयत्या वेळी एकही धड कामाला आली नाही. कुणी तरी कामासाठी सहा तास आधी हातानं काढून ठेवलेली प्रत होती, तिच्यावर ते तरले. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दांडिया बाजार

मला संगणकातलं काही कळत नाही, पण हरवलेली पानं आणि फोटो घरोघर जाऊन मी गोळा केले. डिस्कवरून जे आलं नाही ते लोकांच्या कपाटांत होतं.

फोटो मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होऊन येतो आणि काढल्याची तारीखही जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा असं सांगायचं, तरच मूळ फाइल येते. वयस्क मंडळींना फोनवर सांगून जमत नाही, घरी जाऊन त्यांच्या शेजारी बसावं लागतं. ते बसणंच कामी आलं. मोबाइलमधला फोटो दाखवता दाखवता एक काका म्हणाले, “ही आमची वहिनी, आणि मागे उभा आहे तो तबल्याचा मास्तर.” आमच्या साठ्यात त्या फोटोखाली नुसतं ‘गणेशोत्सव’ असं लिहिलेलं होतं. आता नावं आहेत.

स्मरणिकांच्या छापील प्रती माळ्यांवर सापडल्या, काहींना कसर लागलेली. पुन्हा स्कॅन करताना ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) खाली जाऊ नका, बारीक टाइपाची जोडाक्षरं भरून येतात. सीडी मात्र निराशा करतात. घरी लिहिलेल्या जुन्या सीड्या बाहेरून कोऱ्या करकरीत दिसल्या तरी आतून वाचल्या जात नव्हत्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आजच काढून घ्या.

अकोटा

थोडक्यात लिहितो. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामायिक पद्धत येण्याआधीचे स्मरणिकांचे अंक एका ठराविक फॉन्टवर बसवलेले होते. फाइल धडधाकट मिळाली तरी तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, नव्वद टक्के काम करतात. उरतं ते ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. त्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो. ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘मूर्ती’ असे शब्द हातानं तपासावेच लागतात. मुद्रितशोधन येणारी दोन माणसं सोबत घ्या.

समा

माझा अनुभव घरच्या धंद्यातला, फोटो स्टुडिओचा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर. तळमजल्यावरचा संगणक दोन दिवस गढूळ पाण्यात होता.

भिजलेल्या डिस्कला वीज लावू नका. हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा, काही नको. आतला गाळ वाळला की तबकडीला चिकटतो. ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, तशीच जाणकाराकडे न्यायची. मी तसंच केलं, म्हणून लग्नाचे बरेच अल्बम परत देता आले. एका कुटुंबाचे मिळाले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन सांगावं लागलं, ते फार जड गेलं.

कोणताही सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. बडोद्यात तरी नाहीच.

रावपुरा

माझ्या वडिलांचं एक व्याख्यान त्या साठ्यात होतं. ते खराब जागेत गेलं. वेबॅक मशीन या, जुनी संकेतस्थळं जतन करणाऱ्या साइटवर मंडळाचं जुनं पान सापडलं, त्यावर वडिलांचं नाव, विषय, तारीख सगळं आहे. ध्वनी मात्र त्यांनी जतन केलेला नव्हता. त्या दिवशी सभागृहात कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं असेल तर कृपया कळवा. विषय होता सयाजीराव महाराजांचं वाचनालयांचं काम, १९१० मधल्या मध्यवर्ती वाचनालयापासून खेड्यांत फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांपर्यंत.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. रावपुऱ्याच्या दादा, त्या कार्यक्रमाला आलेल्यांची यादी काढून एकेकाला फोन करतेय.

आताची व्यवस्था सांगते. साठ्याच्या तीन प्रती आहेत. एक नव्या मशीनवर, एक वेगळ्या डिस्कवर वरच्या मजल्यावर, आणि एक बडोद्याबाहेर, विश्वामित्रीपासून लांब. दर महिन्याला कारेलीबागच्या ताई त्यातली एक प्रत कोऱ्या संगणकावर चढवतात आणि आम्ही तिघी-चौघी मिळून कुठलेही लेख उघडून शेवटपर्यंत वाचतो, एखादं व्याख्यान पूर्ण ऐकतो. जिथे अडेल तिथे लगेच दुरुस्ती.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीचे फोटो अजून अपुरे आहेत, ग्रंथप्रदर्शनाचे तर एक-दोनच. कोणाकडे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्यात ओळखीचं कोण दिसतंय ते सोबत लिहा.