मदत हवी आहे: आगमनकाळातले संतांचे सण मुलांसोबत घरी कसे साजरे करता?

नमस्कार मंडळी. नाताळची तयारी म्हणजे फक्त सजावट आणि खरेदी, असं आमच्या मुलांना वाटू नये अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून यंदा आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांत, येणारे संतांचे सण घरी पाळायचं ठरवलंय. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, ६ ला संत निकोलस, ८ ला मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण आणि १३ ला संत लुसी.

निकोलसचं जमेल. आदल्या रात्री मुलं दाराशी बूट ठेवतील, सकाळी त्यात काहीतरी छोटंसं सापडेल. पण मला त्याची गोष्ट पोहोचवायची आहे: तीन गरीब बहिणींच्या घरात रात्री गुपचूप सोनं टाकणारा बिशप. त्यामुळे मुलांनीही त्या दिवशी कुणाला तरी नाव न सांगता काही द्यावं, असं वाटतं. लहान मुलांना झेपेल असं काय देता येईल?

खरी अडचण लुसीची. तिच्या सणाला डोक्यावर दिव्यांचा मुकुट घातलेली मुलगी असते, ती धाकटीला फार आवडेल, पण लुसी रक्तसाक्षी होती, म्हणजे श्रद्धेसाठी तिला जीव गमवावा लागला. पाच वर्षांच्या मुलीला हे किती आणि कसं सांगावं? थोरला तर खोदून खोदून विचारणार.

आणखी एक. रोज संध्याकाळी आम्ही आगमनचक्रातली (आगमनकाळातल्या चार रविवारांसाठी चार मेणबत्त्या असलेल्या हिरव्या पानांच्या चक्रातली) मेणबत्ती लावून प्रार्थना करतो. संतांचे सण त्यातच गुंफावेत की वेगळे ठेवावेत? सणांच्या गर्दीत येशूची वाट पाहणं मागे पडायला नको. तुमच्या घरी काय करता, सविस्तर सांगाल का?